रुंद दाराची केबिन

थोरलीने चौदा वर्षं जहाजावर लोकांच्या गाद्या झटकल्या, चादरी ताणल्या, आरसे पुसले. आणि पाहुणी म्हणून जहाजावर पाऊल ठेवायची वेळ आली तेव्हा पावलं तिचं ऐकेनाशी झाली होती. कण्याच्या दुखण्याने तिला तीन वर्षांपूर्वी चाकाच्या खुर्चीत बसवलं. आधार धरून दोन-तीन पावलं टाकता यायची, त्यापुढे खुर्ची.

क्रूझची कल्पना धाकटीची. धाकटी म्हणजे तिची बहीण, जन्मभर शिवणाचा क्लास चालवलेली. दोघी आता एकाच घरात राहत होत्या. थोरलीने आधी उडवूनच लावलं.

"ज्या घरात भांडी घासली तिथे पाटावर बसून जेवायला जाऊ? घास उतरायचा नाही गं."

"मला तरी दाखवशील का नाही ते घर?" धाकटी म्हणाली. "चौदा वर्षं नुसतं ऐकतेय."

यावर थोरली तयार झाली, पण एका अटीवर. मोजमापाशिवाय पाऊल उचलायचं नाही. धाकटीने शिवणाची टेप आणून खुर्ची मापली, जशी एखाद्या जाड्या गिऱ्हाइकाची कंबर मापावी तशी. त्रेसष्ट सेंटिमीटर. जहाजावरच्या साध्या केबिनचं दार छप्पन्नच्या वर नसतं, हे थोरलीला पाठ होतं; तिची चादरींची ट्रॉली कधीही आत गेली नव्हती, चौदा वर्षं बाहेरच उभी राहायची. म्हणून रुंद दाराची केबिन हवी, बाथरूमला उंबरठा नसलेली, आत खुर्ची गर्रकन वळेल एवढी मोकळी. धाकटीने कंपनीला चार फोन केले आणि चौथ्या वेळी लेखी घेतलं.

जहाजावर चढल्यावर पहिला वास आला तो धुतलेल्या चादरींचा. गरम इस्त्रीचा, थोडा साबणाचा, थोडा तेलाचा. थोरलीने डोळे मिटले. धाकटीला वाटलं चक्कर आली. "काही नाही," थोरली म्हणाली, "कपडे धुण्याची खोली खालीच आहे. आता दुपारचा ढीग निघाला असेल." पॅसेजमधून जाताना ती गालिच्याकडे बघत होती, भिंतीवरच्या दांड्याकडे बघत होती, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीजवळ तर तिने खुर्ची थांबवायलाच लावली. टॉवेल मोठे खाली, लहान वर, साबण डाव्या कप्प्यात. "अजून तसंच लावतात," ती म्हणाली, आणि कुणी बघत नाहीसं पाहून एका टॉवेलाची वळलेली कड सरळ केली.

मग त्या आपल्या केबिनपाशी आल्या, आणि थोरलीला दार न उघडताच कळलं.

"हे दार आपलं नाही," ती म्हणाली.

धाकटीने कार्ड लावलं. दार उघडलं. खुर्ची चौकटीला दोन्हीकडून अडली. आत दोन पलंग, मधे हातभर जागा, आणि बाथरूमच्या दाराशी चांगला चार बोटांचा उंबरठा.

खालच्या काउंटरवर गर्दी होती. तिथल्या माणसाने कागद पाहिला, संगणकाचा पडदा पाहिला, आणि रुंद दाराच्या सगळ्या केबिन भरल्याचं सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून दार रुंद होत नाही. "मॅडम, मी दोन माणसं पाठवतो," तो म्हणाला. "लागेल तेव्हा फोन करा, ती तुम्हाला उचलून आत-बाहेर करतील."

"मी काय बॅग आहे?" थोरलीने शांतपणे विचारलं.

तोवर जहाज सुटलं होतं. धाकटी संतापाने लाल झाली होती. थोरलीने तिला आवरलं. या काउंटरवर ओरडणारी माणसं तिने हजारदा पाहिली होती. ओरडा ऐकणाऱ्याच्या हातात बहुधा काही नसतं. मॅनेजर सकाळी भेटणार होता. दोघी परत वर आल्या, खुर्ची घडी करून पॅसेजमध्ये भिंतीला टेकवली, आणि थोरली बहिणीच्या खांद्यावर भार टाकून कशीबशी पलंगापर्यंत पोचली.

धाकटी गोल काचेतून बाहेर बघत बसली. समुद्रावर ऊन उतरत होतं.

"तुझ्या खोलीची खिडकी एवढीच होती का गं?"

थोरली हसली. "खिडकी नव्हतीच."

"म्हणजे?"

"आम्ही पाण्याच्या पातळीखाली. सहा बाय आठची खोली, वर-खाली दोन पलंग, आणि भिंतीपलीकडे पाण्याची खळखळ. सकाळ झाली हे फक्त घड्याळावरून कळायचं."

"आणि आईला जी पत्रं लिहायचीस? खिडकीतून बेटं दिसतात, मासे उड्या मारतात?"

"मासे उड्या मारायचे. पाहुण्यांच्या खिडकीतून दिसायचे. चादर बदलता बदलता बघायचे मी." ती जरा थांबली. "आईला काळजी वाटली नसती का, पोरगी पाण्याखाली झोपते म्हणून?"

आई ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायची. धाकटी उठली, दोन कप चहा घेऊन आली. थोरलीने आपला कप बाजूला ठेवला. मागाहून पिते म्हणाली. जेवणातही तिने पाण्याला हात लावला नाही, कलिंगडाची फोडही परत केली. आणि कलिंगडाची ती फोड परत करताना तिला एकदम भूगोलाच्या बाई आठवल्या. इतक्या लख्ख, की जणू पलीकडच्या टेबलावर बसल्या आहेत.

थोरलीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. तिच्याकडे अठरा केबिन होत्या आणि पॅसेजच्या टोकाला एक जरा मोठी. जहाज जुनं, खुर्चीवाल्यांसाठी म्हणून त्यात ही एकच केबिन होती. दार रुंद केलं होतं, पण आतलं बाथरूम तसंच राहिलं होतं. तिथे एकदा एक बाई आल्या, एकट्या, चाकाच्या खुर्चीतून. पांढरा अंबाडा, चष्म्याला दोरी. छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी थोरलीची तोंडी परीक्षा घेतली.

"आपलं जहाज सध्या कुठल्या दिशेने चाललंय?"

"माहीत नाही, बाई."

"सावली बघ. सकाळ आहे, सावली कुठे पडलीय?"

त्या दिवसापासून थोरली खोल्या लावताना सावल्या बघू लागली.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की ती सकाळी पाण्याचा जग भरून ठेवते आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला असतो. चहाचा कपही कोरडा. तिला वाटलं, बाई रागावल्यात की काय. तिने भीत भीत विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "अगं, पाणी आत गेलं की बाहेर जायचं म्हणतं. आणि बाहेर जायच्या वाटेवर तो चार बोटांचा डोंगर आहे." त्यांनी बाथरूमच्या उंबरठ्याकडे बोट दाखवलं. "मी दिवसातून एकदाच चढते, भिंत धरून. दुसऱ्यांदा चढायची ताकद नाही. जन्मभर पोरींकडून महासागरांची नावं घोकून घेतली, आणि आता महासागराच्या मधोमध तहानलेली बसलेय."

हे त्या हसत हसत बोलल्या. थोरलीला मात्र हसू आलं नाही. तो उंबरठा ती रोज पुसत होती. रोज त्यावर पाय ठेवून आत जात होती. तो उंच आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हेच खरं.

त्याच दुपारी ती जहाजावरच्या सुताराकडे गेली. सुतार तिरसट, पण हाताचा मोकळा. मोडक्या कपाटाचं एक दार त्याने कापलं, खाली दोन पाचरी ठोकल्या, वर खरखरीत पट्टी चिकटवली. एवढंसं उताराचं फळकूट. मुकादमीण ओरडली, की परवानगीशिवाय पाहुण्यांच्या खोलीत सामान ठेवलंच कसं. पण तोवर बाई त्या फळकुटावरून आत जाऊन, दार लावून, सावकाश बाहेर आल्या होत्या, आणि जग भरून पाणी प्यायल्या होत्या. बाईंनी त्या उताराला नाव दिलं 'घाट'. पुढे ओळीने चार वर्षं त्या आल्या, आणि चढल्या चढल्या पहिला प्रश्न तोच: "माझा घाट आहे ना जागेवर?" दर वर्षी परत जाताना कंपनीला एक लांबलचक पत्र लिहायच्या, शाळेच्या अक्षरात, उंबरठ्यांची उंची आणि दारांची रुंदी लिहून. त्यानंतरच्या वर्षी त्या आल्या नाहीत. त्यांच्या भाचीचं दोन ओळींचं कार्ड आलं. ते फळकूट थोरलीने चादरींच्या कपाटामागे उभं करून ठेवलं होतं, नोकरी सोडेपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायची, लागतं कधीतरी.

"ताई, तू चहा प्यायली नाहीस," धाकटी म्हणत होती. "पाणीही नाही. बरं नाही का?"

"बरी आहे. मी उद्या सकाळी मॅनेजरशी बोलते," थोरली म्हणाली. "तू सोबत ये, पण बोलू नकोस."

मॅनेजर चाळिशीचा, नीटनेटका गृहस्थ होता. त्याने ऐकून घेतलं, कागद वाचला, चूक कंपनीची आहे हे लगेच कबूल केलं.

"पण माझ्याकडे सहा केबिन आहेत आणि सहाही भरल्यात. सगळ्यांनी अर्जावर 'गरज आहे' अशी खूण केलीय. आम्ही पुरावा मागत नाही, आणि मागूही नये."

"मागू नयेच," थोरली म्हणाली. "पण चढताना मी तीनच खुर्च्या मोजल्या. त्यांतली एक माझी."

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही मोजल्यात?"

"सवय आहे. चौदा वर्षं तुमच्याच कंपनीत खोल्या लावल्यात."

त्याचा चेहरा बदलला. तो जरा पुढे सरकून बसला. "मग एक करता येईल. खाली दवाखान्यात एक वॉर्ड रिकामा आहे. दार रुंद, उंबरठा नाही. तुम्हाला सोय..."

"मी आजारी नाही हो," ती म्हणाली. "मला फक्त चाकं आहेत."

धाकटीने न बोलायचं वचन पाळण्यासाठी रुमाल तोंडाला लावला. शेवटी मॅनेजरने हात जोडल्यासारखे केले. कुणाला खोली सोडा म्हणून सांगणं त्याला शक्य नव्हतं. तो विचारून बघेल, पण दोन दिवस लागतील. थोरली म्हणाली, दोन दिवस पाण्याविना निघत नाहीत, आणि खुर्ची वळवून बाहेर पडली.

रुंद केबिन लिफ्टच्या जवळच असतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती लिफ्टसमोर खुर्ची लावून बसली. तिला फार वेळ थांबावं लागलं नाही. एक रुंद दार उघडलं आणि साठी ओलांडलेलं एक जोडपं बाहेर आलं. नवरा तुरुतुरु चालणारा, गळ्यात कॅमेरा. बायको त्याच्या मागे, हळू.

"नमस्कार," थोरली म्हणाली. "तुमची खोली चांगली ऐसपैस आहे, नाही?"

"अहो, विचारू नका!" गृहस्थ खुशीत म्हणाले. "आमच्या बुकिंगवाल्याने युक्ती सांगितली. अर्जावर एक खूण करायची, की दुप्पट मोठी..."

आणि त्यांचं लक्ष तिच्या चाकांकडे गेलं. वाक्य अर्धंच राहिलं. ते घड्याळं दुरुस्त करणारे होते हे नंतर कळलं. चूक सापडल्यावर डोळा बारीक करायची त्यांची लकब होती, आणि या वेळी चूक त्यांची स्वतःची होती.

"मला इथे केबिन मिळाली नाही," थोरलीने सरळ सांगितलं. "माझी खुर्ची माझ्या दारातून आत जात नाही. म्हणून विचारायला आले, की तुम्ही बदलून घ्याल का."

"घेतो की. आत्ता घेतो. लाज आणलीत हो मला." घड्याळजी कानापर्यंत लाल झाले. "आत या ना, आत या. सामान काय, पाच मिनिटांत भरू."

खुर्ची उंबरठ्याशिवाय, आवाज न करता आत गेली. थोरलीची नजर सवयीने खोलीभर फिरली. पलंगाच्या काठाला टेकवलेलं स्टूल. बाथरूममध्ये नळाशेजारचा आधाराचा दांडा, आणि त्याला गुंडाळून घट्ट बांधलेला हातरुमाल, पकड सुटू नये म्हणून. टॉवेल वरच्या कडीवरून काढून खाली, हाताला येईल असे ठेवलेले. ज्याला वाकता येत नाही, किंवा डोकं वर केल्यावर गरगरतं, तोच असे टॉवेल ठेवतो. तिने घड्याळजींच्या बायकोकडे पाहिलं. बाई कपाटातून मुकाट्याने साड्या काढत होत्या. एका हाताने. दुसरा हात कपाटाच्या दारावर होता.

"वहिनी," थोरली म्हणाली, "तुमचा तोल जातो का?"

साडी हातातच राहिली.

"छे, तिचं काय!" घड्याळजी म्हणाले. "ठणठणीत आहे ती."

"गेल्या वर्षभरात तीनदा पडलेय," बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "बाथरूममध्ये. तुम्ही दुकानात असताना. ही खोली पाहिली, हे दांडे पाहिले, आणि मनात म्हटलं, बरं झालं यांनी लबाडी केली."

घड्याळजी पलंगावर बसले. "मला नाही सांगितलंस?"

"क्रूझला नेलं नसतंत. डॉक्टरकडे नेलं असतंत."

"दोन्हीकडे नेलं असतं," ते म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

थोरलीला क्षणभर वाटलं, निघून जावं. एकीच्या तोंडचा घास काढून दुसरीला द्यायचा, असलं ओझं तिला नको होतं. पण खोल्या लावणाऱ्या बाईचं डोकं बसून राहत नाही. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय लागतं? धरायला दांडा आणि बसायला स्टूल. मला काय लागतं? रुंदी. दांडा या खोलीतून त्या खोलीत नेता येतो. रुंदी नेता येत नाही."

मॅनेजरला कळवल्यावर दुपारी सुतार आला. या जहाजावरचा सुतार म्हणजे एक बाई होती, कमरेला पट्टा, कानामागे पेन्सिल. तिने साध्या केबिनच्या बाथरूममध्ये दोन दांडे बसवले, एक उभा, एक आडवा, वहिनींना प्रत्यक्ष उभं करून, हात कुठे पोचतो ते बघून. शॉवरखाली स्टूल घट्ट केलं. उंबरठ्याच्या कडेला पिवळी पट्टी लावली, म्हणजे पाय उचलायची आठवण राहील. थोरली दारात खुर्ची लावून सूचना करत होती. अर्ध्या तासाने सुतारबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही या कामात होतात का?"

"मी गाद्या झटकायचे. पण एका सुताराशी माझी ओळख होती."

मॅनेजर येऊन दांडे हलवून बघून गेला. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि जाता जाता थोरलीला विचारलं, की पुढच्या वेळी हे आधीच कसं कळावं. ती म्हणाली, "खुणेवर भागवू नका. फोन करून विचारा, काय लागतं. माणसं सांगतात. कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत." ते त्याने लिहून घेतलं. पुढे काय झालं ते तिला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी थोरली बाथरूममध्ये गेली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. धाकटीने दार वाजवलं.

"ताई? ठीक आहेस ना?"

"अगं, बसू दे की जरा! दार लावलंय मी. एकटी आहे."

घड्याळजींची मंडळी रोज चहाला येऊ लागली. वहिनी पत्त्यांत लबाडी करायच्या, ती पकडली की म्हणायच्या, आमच्या घरात रीतच आहे. घड्याळजी बायकोच्या डाव्या बाजूने, अर्धं पाऊल मागे चालायला शिकले.

पाचव्या दिवशी जहाज एका बंदराजवळ आलं. पाणी उथळ, म्हणून जहाज लांबच थांबलं. लहान बोटीतून किनाऱ्यावर जायचं, आणि बोटीत उतरायची शिडी खडी. तिथे कुठल्याच दांड्याचा उपयोग नव्हता. धाकटी म्हणाली, "मीही नाही जात."

"जा. मी ते गाव वीस वेळा पाहिलंय."

खरं म्हणजे तिने ते कधीच धड पाहिलं नव्हतं. दोन तासांची सुट्टी मिळायची. त्यात साबण घ्यायचा, पत्र टाकायचं आणि धावत परत यायचं. बंदरापासून टपाल कचेरीपर्यंतचा चढ, वाटेतलं एक निळं दार, त्या दारात बसणारी एक लंगडी मांजर. एवढंच तिचं गाव होतं.

ती नव्या केबिनच्या बाल्कनीत बसून राहिली. लाल छपरं, त्यांच्यावर एक मनोरा, चढावरून मुंगीएवढी माणसं. तिने टपाल कचेरी शोधली, पण एवढ्या लांबून सगळ्या इमारती सारख्याच दिसत होत्या. बोटीमागून बोटी जात राहिल्या, येत राहिल्या.

उन्हं कलल्यावर धाकटी परत आली. चेहरा रापलेला, चपलेत वाळू. खुर्चीसमोर बसली आणि पाणीसुद्धा न पिता सांगायला लागली. मनोऱ्यावर चढले, एकशे बारा पायऱ्या. वरून आपलं जहाज दिसलं, एवढंसं, काडेपेटीएवढं. मी हात केला, तुला दिसला का? बाजार अगदी बंदरालगत आहे, आणि टपाल कचेरी पलीकडच्या अंगाला, उतारावर.

टपाल कचेरी चढावर होती. थोरलीला ते पक्कं ठाऊक होतं. त्या चढावर तिला दर वेळी धाप लागायची. बहिणीला न दुरुस्त करता तिने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"मग?" ती म्हणाली. "मनोऱ्यावरून आणखी काय दिसलं?"